मधुमेहात पायाच्या धमन्या अरुंद झाल्या तर: चालण्याचा व्यायाम आणि ऑक्सिजन उपचार, पायरी पायरीने

चालायला लागलं की पाच-सात मिनिटांत पोटरी भरून येते. थांबावं लागतं. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की दुखणं जातं, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा तीच पोटरी धरते. मधुमेह असलेल्या माणसाने हे घरात सांगितलं की उत्तरं तयार असतात: वय झालं, वात असेल, कॅल्शियम कमी पडलं असेल. मग तेल चोळलं जातं, पाय शेकले जातात आणि वर्ष निघून जातं. खरं कारण बऱ्याचदा पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत असतं. त्यांच्या आतून चरबीचे आणि चुन्याचे थर बसून त्या अरुंद झालेल्या असतात. बसलेल्या पायाला तेवढं रक्त पुरतं, चालणाऱ्या स्नायूला पुरत नाही.

या आजारात दोन उपचारांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, चालण्याचा व्यायाम आणि ऑक्सिजन. व्यायामाला किरकोळ समजलं जातं आणि ऑक्सिजनला रामबाण. माझं मत नेमकं उलटं आहे. ठरावीक पद्धतीने चालणं हा या आजारावरचा पहिल्या फळीचा उपचार आहे. ऑक्सिजनचा उपयोग काही निवडक जखमांपुरता आहे, आणि तोही धमन्यांची नीट तपासणी झाल्यानंतर.

पहिली पायरी: पाय कोणत्या टप्प्यात आहे ते ठरवा

व्यायाम सुरू करण्याआधी हे वाचा. रात्री झोपल्यावर पावलात किंवा बोटांत आग होते, पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं. पायावरची जखम दोन आठवडे झाले तरी भरत नाही. बोट काळंनिळं पडलंय. यांपैकी एकही गोष्ट असेल तर चालण्याचा कार्यक्रम सुरू करायचा नाही. त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला दाखवायचं. आणि पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर पडला, बोटं हलेनाशी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या वेळी पाय वाचवण्यासाठी हातात काही तासच असतात.

मधुमेहात आणखी एक घोटाळा होतो. साखरेमुळे पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे धमनी अरुंद असूनही पोटरी दुखत नाही. असे अनेक रुग्ण थेट जखम घेऊनच दवाखान्यात पोचतात. म्हणून ‘मला तर काहीच दुखत नाही’ हे समाधान मधुमेह्यांनी मानू नये. शिवाय मधुमेहात गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांवर जास्त घाव बसतो, आणि तिथल्या भिंतींत चुना साठून त्या कडक होतात.

या कडकपणामुळे तपासणीही फसवते. पहिली तपासणी असते एबीआय, म्हणजे घोट्याजवळचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. रुग्णाला थोडा वेळ आडवं झोपवून, हातात धरायच्या डॉपलर यंत्राने दोन्ही हातांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा दाब मोजतात. दंडाचा 140 आणि घोट्याचा 98 आला तर एबीआय 0.70. साधारण 1.00 ते 1.40 ठीक, 0.91 ते 0.99 काठावर, 0.90 किंवा कमी म्हणजे धमनीचा आजार. आकडा 1.40 च्या वर गेला तर अनेकजण खूश होतात. पण त्याचा अर्थ धमनी इतकी कडक झालीय की पट्ट्याने दाबलीच जात नाही. अशा वेळी, आणि मधुमेहात एरवीही, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. अंगठ्याच्या धमन्या सहसा तेवढ्या कडक होत नाहीत. अंगठा भागिले दंड हे प्रमाण 0.70 किंवा कमी असेल तर आजार आहे. अंगठ्याचा दाबच 30 च्या खाली असेल तर तिथली जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: माझा एबीआय किती आला, अंगठ्याचा दाब मोजला का? आकडे वहीत लिहून ठेवा.

पायाच्या धमन्यांत थर बसले असतील तर हृदयाच्या धमन्याही स्वच्छ असतील असं धरून चालता येत नाही. व्यायामाआधी हृदयाची तपासणी करून घ्या. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण जोर लावायचे काही व्यायाम मग वगळावे लागतात.

दुसरी पायरी: पावलं तयार करा

बधिर पावलाने चुकीच्या चपलेत बारा आठवडे चालणं म्हणजे जखमेला आमंत्रण. अंगठ्याची चप्पल आणि कडक तळाची कोल्हापुरी या कामासाठी नाही. बोटांना ऐसपैस जागा असलेला, मागून बंद, आत शिवण न टोचणारा बूट घ्या. पावलं सुजणाऱ्यांनी तो संध्याकाळी विकत घ्यावा. मोजे फिक्या रंगाचे असावेत, म्हणजे रक्ताचा वा पुवाचा डाग लगेच दिसतो. वरचा रबर घट्ट नको. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, खिळा, मोज्याची घडी हाताला लागते, बधिर पावलाला लागत नाही.

चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा. लालसर चट्टा, फोड, भेग दिसली तर त्या दिवसापासून चालणं बंद. गरम पाण्यात पाय बुडवणं, पिशवीने शेकणं, मीठ-पाण्यात तासभर पाय ठेवणं हे सगळं थांबवा. रक्त कमी आणि संवेदना कमी अशा पायाला पोळलेलं कळत नाही आणि पोळलेलं भरतही नाही. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर किंवा वारीत अनवाणी चालणाऱ्यांना हे मी हात जोडून सांगते. भक्ती पायात बूट घालूनही होते.

साखरेचंही बघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर मोजा. 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. 250 च्या वर असून अंगात बरं वाटत नसेल, मळमळत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नको. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा.

तिसरी पायरी: बारा आठवड्यांचं चालणं

मूळ सूत्र असं: आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी 30 ते 45 मिनिटं, किमान 12 आठवडे. शक्य असेल तिथे ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावं, कारण त्याचा परिणाम एकट्याने चालण्यापेक्षा चांगला असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे अशी सोय मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. तेव्हा घरच्या घरी करताना पद्धत काटेकोर हवी.

सुरुवातीला पाच मिनिटं रमतगमत चाला. मग असा वेग धरा की तीन ते पाच मिनिटांत पोटरीत दुखायला लागेल. दुखायला लागलं की लगेच थांबायचं नाही, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. दुखणं मध्यम होईपर्यंत चालत राहायचं. मध्यम म्हणजे ‘आता थांबावंसं वाटतंय, पण अजून थोडं जमेल’ अशी अवस्था. तिथे थांबा, बाकावर बसा किंवा उभे राहा. दुखणं पूर्ण जाऊ द्या, मगच पुन्हा निघा. चालणं, दुखणं, थांबणं, पुन्हा चालणं, अशा फेऱ्या होत राहतात. शेवटची पाच मिनिटं पुन्हा संथ.

पहिल्या आठवड्यात विश्रांती सोडून प्रत्यक्ष चालणं 15 मिनिटं झालं तरी पुरे. दर आठवड्याला त्यात पाचेक मिनिटं वाढवत न्या. एका दमात आठ-दहा मिनिटं न थांबता चालता आलं की वेग थोडा वाढवा किंवा हलका चढ असलेला रस्ता घ्या, म्हणजे पुन्हा तीन ते पाच मिनिटांत दुखायला लागेल. ट्रेडमिल असेल तर ताशी सुमारे तीन किलोमीटरने सुरू करून आधी चढ वाढवतात, मग वेग.

दुखेपर्यंत का चालायचं, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि तो रास्त आहे. 2021 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धमन्यांचा आजार असलेल्या रुग्णांना वर्षभर घरच्या घरी चालायला लावलं. काहींना पाय दुखेल इतक्या वेगाने, काहींना आरामशीर. पाय दुखवत चालणाऱ्यांचं सहा मिनिटांत कापलेलं अंतर वाढलं. आरामशीर चालणाऱ्यांना, काहीच न करणाऱ्या गटापेक्षा, अंतरात फायदा झाला नाही. स्नायूला रक्त कमी पडल्याची ती कळ हाच शरीराला मिळणारा इशारा असतो. त्यातून धमनी सैल पडायला शिकते, स्नायूत केशवाहिन्या वाढतात, आणि मिळालेल्या रक्तातून स्नायू जास्त ऑक्सिजन उचलू लागतो. थांबल्यावर जाणाऱ्या या दुखण्याने पायाला इजा होत नाही.

अरुंद झालेली जागा मात्र बहुतांशी तशीच राहते. तीन महिन्यांनी एबीआय पुन्हा काढला आणि आकडा हलला नाही म्हणून खट्टू होऊ नका; या व्यायामाचं मोजमाप त्या आकड्यात होत नाही. दोन गोष्टी मोजा: पहिलं दुखणं किती मिनिटांनी आलं, आणि सहा मिनिटांत किती अंतर कापलं. शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात फेरीचं अंतर एकदा मोजून ठेवलं की काम भागतं. फरक जाणवायला महिना-दीड महिना लागतो. बारा आठवड्यांनी सोडून दिलं तर कमावलेलं हळूहळू जातं, म्हणून हा व्यायाम पुढेही कायमचाच समजा.

बधिर पायांच्या ज्या रुग्णांना दुखतच नाही, त्यांनी दमावर चालावं: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत. त्यांनी वेळ हळू वाढवावा आणि दर फेरीनंतर पावलं बघावीत. छातीत दुखणं, चक्कर, दरदरून घाम, नेहमीपेक्षा जास्त धाप, किंवा थांबून दहा मिनिटं झाली तरी न जाणारं पायाचं दुखणं, यात तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा. पावसाळ्यात इमारतीचं पार्किंग, लांब व्हरांडा, मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल, काहीही चालतं.

जोडीला आठवड्यातून दोन दिवस खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाच्या दोन खेपा. पाय वर उचलून धरायचे, मग खाली सोडायचे, मग आडवे ठेवायचे, असे जुने बर्गर-अॅलन व्यायाम अजून शिकवले जातात. चालताच न येणाऱ्यांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याने करता येतील, पण त्यांचा पुरावा चालण्याच्या तुलनेत तोकडा आहे. रात्री विश्रांतीतही पाय दुखत असेल तर पाय वर उचलायचा प्रयोग मनाने करू नका.

व्यायामाबरोबर गोळ्या चालूच राहतात: कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, रक्त गोठू नये म्हणून अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, रक्तदाबाची, साखरेची. चालण्याचं अंतर वाढवायला सिलोस्टॅझॉल देतात, पण हृदय कमजोर असेल, म्हणजे हार्ट फेल्युअर असेल, तर ती गोळी वर्ज्य आहे. डॉक्टरांना आठवण करून द्या. तंबाखू पूर्ण बंद. विडी-सिगारेट तर झालीच, मशेरी आणि गालात धरलेला बारही त्यातच आला. घरातल्या वयस्क बायका ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मशेरी लावते’ म्हणतात तेव्हा त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

चौथी पायरी: ऑक्सिजन कधी, कुणाला

कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिजनचं यंत्र पडून आहे. ते पायासाठी लावावं का? बोटावरच्या यंत्रात 96-98 दिसत असेल तर नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेलं असतं, नळीतून कितीही दिला तरी त्यात आणखी फारसं मावत नाही. धरण भरलेलं आहे, चारी गाळाने बुजलीय. धरणात आणखी पाणी सोडून शेवटच्या वावराला काय मिळणार?

दाबाखालचा ऑक्सिजन, म्हणजे एचबीओटी, वेगळ्या वाटेने काम करतो. रुग्णाला बंद कक्षात ठेवून दाब वातावरणाच्या दोन ते अडीच पट करतात आणि शुद्ध ऑक्सिजन श्वासातून देतात. दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो. साध्या हवेत 100 मिली रक्तात जेमतेम 0.3 मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. तिप्पट दाबाला शुद्ध ऑक्सिजन दिला तर तो 6 मिलीच्या आसपास जातो. हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेला हा ऑक्सिजन जखमेच्या कडेपर्यंत जास्त दूर झिरपतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना बळ देतो, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतो. एक बैठक साधारण 90 मिनिटांची, आठवड्यातून पाच दिवस, एकूण 30 ते 40 बैठका. पण विरघळलेला ऑक्सिजनही वाहून न्यायला रक्तच लागतं. धमनी पूर्ण बंद असेल तर तो पोचणार कसा? म्हणूनच चांगल्या केंद्रात जखमेजवळच्या त्वचेवर संवेदक लावून तिथला ऑक्सिजन मोजतात. कक्षाच्या आत तो आकडा 200 च्या वर चढला तर उपचार लागू पडण्याची शक्यता चांगली.

पुरावा काय सांगतो हे रुग्णाला स्पष्ट कळायला हवं, कारण खर्च मोठा आहे. स्वीडनमधल्या 2010 च्या अभ्यासात वर्षभरात जखम पूर्ण भरण्याचं प्रमाण या उपचाराच्या गटात 52 टक्के आणि नुसत्या दाबातली हवा घेणाऱ्या गटात 29 टक्के होतं. कॅनडातल्या 2016 च्या अभ्यासात मात्र पाय कापावा लागण्याच्या शक्यतेत फरक दिसला नाही. नेदरलँड्समध्ये 2018 साली नेमके मधुमेह आणि रक्तपुरवठा कमी अशा 120 रुग्णांवर काम झालं. तिथेही ठोस फायदा सिद्ध झाला नाही, आणि ऑक्सिजनच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना ठरलेल्या बैठका पूर्ण करता आल्या नाहीत. मधुमेही पायाच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणूनच एवढंच सांगतात की, रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेवर नेहमीचे सगळे उपचार करूनही यश आलं नसेल आणि सोय उपलब्ध असेल, तर जोडउपचार म्हणून याचा विचार करावा.

व्यवहारात याचा अर्थ असा. जखम खोल आहे, हाडापर्यंत किंवा गळवापर्यंत गेलीय, आणि महिनाभर योग्य उपचार होऊनही पुढे सरकत नाही, तरच हा विषय काढायचा. त्याआधी पुढची कामं झालेली हवीत: अँजिओप्लास्टी किंवा बायपासने रक्त पोचवता येत असेल तर ते, मेलेलं मांस साफ करणं, जंतुसंसर्गावर औषध, जखमेवरचा भार काढणारं प्लास्टर किंवा खास पादत्राण, आणि साखर. धमन्यांचा अहवाल न बघता कुणी चाळीस बैठकांचं पॅकेज पुढे केलं तर तिथून उठा. बैठका सुरू झाल्या तर जखमेची लांबी-रुंदी दर आठवड्याला मोजून घ्या आणि महिनाभरात काहीच आक्रसली नसेल तर पुढे रेटायचं नाही. ज्याला जखम नाही, फक्त चालताना पोटरी दुखते, त्याने यावर पैसे घालवू नयेत.

कक्षात जायच्या दिवशीची तयारी साधी आहे, पण त्यात हयगय चालत नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीसुद्धा जीवघेणी ठरते. केसांना तेल नाही, अंगाला क्रीम-व्हॅसलीन नाही, अत्तर-डिओ नाही, टेरिकॉट-नायलॉन नाही. केंद्राने दिलेले सुती कपडेच. मोबाइल, घड्याळ, लायटर, श्रवणयंत्र बाहेर. ड्रेसिंगला कोणतं मलम लावलंय तेही सांगायचं. कक्षात साखर खाली येते, म्हणून उपाशी जायचं नाही. आत जाण्याआधी साखर 120 च्या आसपास किंवा वर असावी आणि इन्सुलिनच्या वेळा आधी ठरवून घ्याव्यात. दाब वाढताना कानात दडे बसतात, विमान उतरताना बसतात तसे. आवंढा गिळा, जांभई द्या, नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. सर्दी असेल तर बैठक पुढे ढकला. छातीत हवा भरून फुप्फुस दबलेलं असेल तर हा उपचार करताच येत नाही. फुप्फुसात हवेचे फुगे, पूर्वीची फिट, बंद जागेची भीती, पेसमेकर, कर्करोगावरचं ब्लिओमायसिन, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. काहींची लांबची नजर तात्पुरती अधू होते आणि काही आठवड्यांत मूळपदावर येते. मधल्या काळात नवा चष्मा करून घेऊ नका.

बाजारात फुगवायचे मऊ कक्ष मिळतात. त्यांत दाब जेमतेम 1.3 पट असतो. वर सांगितलेल्या अभ्यासांतला उपचार तो नव्हे. ओझोन थेरपी ही तर संपूर्ण वेगळीच गोष्ट आहे. जखमेवरच पिशवी बसवून ऑक्सिजन सोडण्याची पद्धत मात्र लक्ष ठेवण्यासारखी आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा आठवड्यांत जखमा भरण्याचं प्रमाण त्यामुळे बऱ्यापैकी वाढलेलं दिसलं, आणि ती घरीही वापरता येते.

पाचवी पायरी: दोन्ही एकत्र बसवताना

तळव्यावर उघडी जखम आहे तोवर त्या पायावर चालण्याचा कार्यक्रम नाही. ऑक्सिजनच्या बैठका चालू असोत वा नसोत, या काळात हात राबवा. हाताने फिरवायची सायकल, बसून दंडाचे व्यायाम. हाताच्या सायकलीनेही पुढे चालण्याचं अंतर वाढतं असं दिसलंय, आणि दम टिकून राहतो. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी ‘आता नळी उघडली, व्यायाम कशाला’ असं म्हणू नये. अँजिओप्लास्टीसाठी जांघेत टोचलेली जागा भरली आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की चालण्याचा फायदा त्यात मिळवायचा असतो.

जखम भरली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्याच दिवशी बाजारहाट सुरू करतात. भरलेली कातडी कोवळी असते. मधुमेहातल्या पायाच्या जखमा भरल्यानंतर वर्षभरात सुमारे 40 टक्के रुग्णांत पुन्हा उघडतात. म्हणून पायाच्या मापाचं पादत्राण आधी, चालणं नंतर. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या, पाऊल ठीक असेल तरच पुढे. दोन्ही पावलांवर त्याच जागी हाताचा मागचा भाग लावून ऊब ताडून बघा. घरात पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र असेल तर त्याने मोजा. एकाच जागी दोन पावलांत दोन अंश सेल्सियसहून जास्त फरक सलग दोन दिवस राहिला, तर आत दाह सुरू झालाय असं समजून चालणं थांबवा आणि पाय दाखवा. बाकी सगळं ठीक चाललं तरी पहिलं वर्षभर दर एक ते तीन महिन्यांनी पायाची तपासणी, आणि त्या वेळी चालण्याची वही बरोबर.